दोमिएची शिळाछाप हाती आली तर: आधी कागद, मग चित्र, ओळी सगळ्यांत शेवटी

एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसची व्यंगचित्रं आता आपल्याकडेही बऱ्याच जणांच्या हाती येतात. कुणी ऑनलाइन लिलावात घेतो, कुणी परदेशातून येताना जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणतो, कुणाला घरातल्या पेटीत सापडतात. त्यातली पुष्कळशी ओनोरे दोमिएची (१८०८–१८७९) असतात, किंवा त्याची म्हणून विकलेली असतात. त्याने सुमारे चार हजार शिळाछाप (लिथोग्राफ, म्हणजे सपाट दगडावर खडूने काढून छापलेली) चित्रं केली आणि बहुतेक पॅरिसच्या ‘ल शारिव्हारी’ या दैनिकात आली. त्यामुळे या चित्रांचा बाजारात तुटवडा नाही.

तुटवडा आहे तो नीट पाहणाऱ्यांचा. नेहमीचा प्रकार असा: चित्र आलं की मोबाइल खालच्या फ्रेंच ओळींवर धरायचा, आलेल्या भाषांतरावर हसायचं किंवा गोंधळायचं, संध्याकाळी फ्रेमवाल्याकडे टाकायचं, आणि वर्षभराने विचारायचं की हे खरं आहे का. तोवर मागची बाजू पुठ्ठ्याला चिकटलेली असते. उत्तर देता आलं असतं ते त्याच बाजूमुळे.

म्हणून खालचा क्रम. ज्यांना फक्त पडद्यावर चित्रं पाहायची आहेत त्यांनी थेट चौथ्या टप्प्यापासून सुरुवात करावी.

## तयारी

रिकामं, कोरडं टेबल. त्यावर चित्राहून मोठा स्वच्छ पांढरा कागद. दहापट मोठं दाखवणारं भिंग (घड्याळजी वापरतात तसलं चालतं), स्टीलची पट्टी, साधी पेन्सिल, छोटी टॉर्च आणि पोस्टकार्डाएवढा कोरा कागद. हा शेवटचा कशाला, ते पुढे येईल.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. सुती हातमोजे नकोत. त्यांनी बोटांना कागदाची जाडी कळत नाही आणि फाटलेली कड धाग्यात अडकते. बॉलपेन, चहा आणि टेबलफॅन या तिन्ही गोष्टी खोलीबाहेर.

सावध: पावसाळ्यात पार्सल आलं असेल तर लगेच उघडू नका. दिवसभर खोलीत तसंच ठेवा, म्हणजे कागदाला खोलीच्या हवेची सवय होते. एसीतून थेट दमट हवेत आलेला पातळ कागद बघता बघता लाटा धरतो.

## टप्पा १: कागद काय सांगतो

चित्र पालथं करा. हो, सर्वांत आधी पालथं.

मागे छापील मजकूर दिसला तर बरेच जण खट्टू होतात. “हे तर वर्तमानपत्राचं पान निघालं!” पण ते वर्तमानपत्राचंच पान असायला हवं. दोमिएची शिळा मुख्यतः दोन तऱ्हांनी छापली जाई. एक, ‘शारिव्हारी’च्या अंकात, पातळ कागदावर, मागे अंकाचा मजकूर. दुसरी, जाडसर पांढऱ्या कागदावर, मागची बाजू कोरी. ही दुसरी प्रत ओबेर या प्रकाशकाच्या पेढीतून सुटी किंवा अल्बममध्ये विकली जाई. संग्राहक पहिलीला ‘सूर झुर्नाल’ म्हणतात, दुसरीला ‘सूर ब्लां’. पांढऱ्या कागदावरची प्रत कमी सापडते आणि तिची छपाई सहसा जास्त नितळ असते, म्हणून ती महाग. तिसरा प्रकार म्हणजे खालच्या ओळी बसवण्याआधी काढलेली चाचणी-प्रत. ती सहज हाती लागत नाही, आणि कुणी स्वस्तात देऊ करत असेल तर खालची पट्टी कापलेली तर नाही ना, हे आधी बघा.

आता टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून प्रकाश आडवा पाडा. मागचा मजकूर खिळ्यांच्या छपाईचा असल्याने त्याच्या दाबाचे बारीक खळगे कागदात उमटलेले दिसतात, कधी चित्राच्या बाजूनेही. चित्राच्या शाईचा मात्र असा खळगा नसतो, कारण शिळा सपाट असते. एकाच कागदावर दोन छापखान्यांच्या दोन तऱ्हा दिसल्या की मी अर्धा निश्चिंत होतो.

आणखी काय दिसू शकतं: टपालाने गेलेल्या अंकाच्या घड्या, बांधीव खंडातून सुटं केलेलं असेल तर एका कडेला शिवणीची भोकं, वर्तमानपत्रावरच्या कराचा शिक्का. हे दोष समजून पुसायला, खरवडायला जाऊ नका. हेच त्या कागदाचे दाखले आहेत.

तपासा: चित्राच्या चौफेर कागदात दबलेली चौकट दिसते का? अशी चौकट तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राला पडते, शिळाछापेला नाही. दिसली तर हाती आहे ते काहीतरी वेगळं आहे. विक्रेत्याच्या वर्णनावरचा विश्वास तिथेच थोडा कमी करा.

## टप्पा २: भिंगाखाली

इथे घाई करू नका. सगळ्यांत जास्त फसवणूक या टप्प्यावर पकडता येते.

चित्रातला मध्यम करडा भाग निवडा. कोटाची बाही, भिंतीवरची सावली, असं काही. भिंग डोळ्याला लावून चेहरा कागदाकडे न्या. खऱ्या शिळाछापेत काळ्या रंगाचे वेडेवाकडे कण दिसतील, एकासारखा दुसरा नाही. दगडाचा पृष्ठभाग मुद्दाम दाणेदार केलेला असतो. तेलकट खडू त्यावरून फिरला की फक्त उंचवट्यांना लागतो. जिथे चित्रकाराने जोर दिला तिथे कण एकमेकांना मिळून गडद पट्टा होतो, आणि हात उचलला तिथे ते विरत जाऊन कागद उघडा पडतो. मधेच एखादी स्वच्छ पांढरी रेघ दिसली तर ती टोकदार हत्याराने खडू खरवडून काढलेली असते. दोमिएच्या चित्रात केसांवरची, रेशमी टोपीवरची चमक पुष्कळदा अशी येते.

आता खोट्याची लक्षणं. ठिपके सरळ रांगांत, सारख्या अंतरावर, फक्त लहानमोठे होत जाणारे दिसले तर ती फोटोवरून जाळी लावून केलेली छपाई. निळे, गुलाबी, पिवळे ठिपके फुलाच्या आकारात दिसले तर अलीकडचं ऑफसेट. रंगांचा बारीक शिडकावा दिसला तर घरगुती प्रिंटर. या तिन्ही ठिकाणी काम संपलं, चित्र आनंदाने भिंतीवर लावा.

अडचण करते ती कोलोटाइप ही जुनी नक्कल-पद्धत. तिच्यात रांगा नसतात. भिंगाखाली किड्यांच्या वळवळीसारख्या बारीक सुरकुत्या दिसतात, आणि सवय नसलेल्या डोळ्याला त्या खडूचे कण वाटतात. शंका आली तर चित्रातली अगदी काळी जागा बघा. शिळाछापेत तिथे शाईचा भरीव, ठाम थर असतो. कोलोटाइपमध्ये तो काळा थोडा मऊ, थोडा थकलेला वाटतो.

सावध: दोमिएच्या अखेरच्या काळातली, १८७० च्या आसपासची काही चित्रं शिळेवरून उठाव असलेल्या जस्ताच्या पत्र्यावर नेऊन छापली गेली. त्यात कडांना शाई दाबली गेलेली दिसते आणि खडूचे कण राठ वाटतात. ती नक्कल म्हणून फेकू नका. अंकात छापलं गेलं ते तसंच.

रंगाबद्दल एकच सांगतो. पांढऱ्या कागदावरच्या काही प्रतींना पेढीतच हाताने रंग भरत. पण मागे वर्तमानपत्राचा मजकूर आणि पुढे गुलाबी गाल, हिरवा झगा असं दिसलं तर रंग बहुधा नंतर कुणी विक्रीसाठी चढवलेला आहे. त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

## टप्पा ३: मोजमाप

चित्राची उंची आणि रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा. चौकटीची रेघ असेल तर रेघेपासून रेघेपर्यंत, नसेल तर खडूच्या शेवटच्या खुणेपर्यंत. कागदाचं माप वेगळं लिहा. दोन्ही आकडे वहीत, चित्रावर नाही. दोमिएच्या चित्रांच्या सूचीतल्या (ती टप्पा ५ मध्ये येते) मापाशी एकदोन मिलिमीटरचा फरक चालतो, कारण कागद आकसतो. दोन सेंटिमीटरचा फरक मात्र कागद आकसल्याने पडत नाही.

## टप्पा ४: कडेची अक्षरं उतरवून घ्या

खालच्या विनोदी ओळी अजून वाचायच्या नाहीत. कोऱ्या कागदाने त्या झाका. तो पोस्टकार्डाएवढा कागद याचसाठी.

उरलेली अक्षरं जशीच्या तशी उतरवा. वर मधोमध किंवा डावीकडे मालिकेचं नाव असतं, उजवीकडे मालिकेतला क्रमांक. चित्राखाली एका कोपऱ्यात प्रकाशकाचं नाव-पत्ता, दुसऱ्यात छापखान्याचं नाव. चित्राच्या आत, बहुधा खालच्या बाजूला, एच. डी. ही आद्याक्षरं असतात, आणि कधी तिथेच शिळेचा क्रमांक.

पत्ता क्षुल्लक वाटतो, पण तारखेचा पहिला अंदाज त्यावरूनच येतो. ओबेरची पेढी आधी व्हेरो-दोदा या छत असलेल्या बाजारगल्लीत होती, नंतर शेअर बाजाराच्या चौकात गेली. पुढच्या काळातल्या चित्रांवर मार्तिने या पेढीचं नाव येतं. तेव्हा मार्तिनेचं नाव असलेलं चित्र कुणी १८३५ चं म्हणून विकत असेल तर हसून पुढे जावं.

नेहमीची चूक: शिळेचा क्रमांक, मालिकेतला क्रमांक आणि सूचीतला क्रमांक यांची सरमिसळ. तीन वेगळ्या ओळींत लिहा. इंटरनेटवरच्या अर्ध्या चुकीच्या नोंदी या सरमिसळीतून आल्या आहेत, असं माझं मत आहे.

दुसरी चूक: ‘शारिव्हारी’तलं प्रत्येक चित्र दोमिएचं समजणं. गाव्हार्नी, त्राव्हिएस, बोमाँ अशी बरीच मंडळी तिथे काढत होती. गाव्हार्नीच्या बायकांचे झगे सळसळतात आणि माणसं उभी राहतानाही दिसण्याची काळजी घेतात. दोमिएच्या माणसांना पोट असतं, वजन असतं, गुडघे दुखत असतात. तरी निर्णय आद्याक्षरांवर आणि सूचीवर करा, गुडघ्यांवर नको.

## टप्पा ५: सूचीत शोध

दोमिएच्या शिळाछापांची पायाभूत सूची ल्वा देलतेय याने १९२५ ते १९३० या काळात खंडांमध्ये काढली, आणि आजही चित्रं देलतेय क्रमांकानेच ओळखली जातात. घरबसल्या शोधायचं तर ‘दोमिए रजिस्टर’ हे संकेतस्थळ. तिथे मालिका, विषय किंवा तारीख देऊन चित्र सापडतं, आणि छपाईच्या कोणकोणत्या टप्प्यातल्या प्रती माहीत आहेत तेही कळतं. ‘शारिव्हारी’चे मूळ अंक फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गालिका’ संग्रहात स्कॅन केलेले आहेत. अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठाकडेही दोमिएच्या शिळाछापांचा मोठा साठा आहे.

सूचीत मिळालेली तारीख घेऊन ‘गालिका’त तो अंक उघडा आणि तुमच्या प्रतीच्या मागचा मजकूर त्याच्याशी पडताळा. जुळला तर पुढे काही सिद्ध करायची गरज नाही.

तपासा: चित्र ‘शारिव्हारी’त सापडलं नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. छायाचित्रकार नादार फुग्यात बसून पॅरिसवरून फोटो काढतोय, उंच टोपी वाऱ्याने उडतेय आणि खाली घरांवर ‘फोटोग्राफी’च्याच पाट्या, हे दोमिएचं गाजलेलं चित्र १८६२ साली ‘ल बुलव्हार’ या दुसऱ्याच नियतकालिकात आलं होतं.

## टप्पा ६: ओळी झाकून चित्र पाहणं

आता खरं काम. ओळी अजून झाकलेल्याच आहेत. निदान दहा मिनिटं तशाच ठेवा.

विचारायचे प्रश्न साधे आहेत. किती माणसं आहेत? कोण कुणाकडे बघतंय, आणि कोण मुद्दाम बघत नाहीये? डोक्यावर काय आहे: उंच रेशमी टोपी, मऊ टोपी, बाईचं बॉनेट? हातमोजे आहेत का? बूट कसे आहेत? त्या पॅरिसमध्ये माणसाची ऐपत आणि ऐट यांतलं अंतर टोपी आणि बुटांत उघडं पडायचं, आणि दोमिए तिथेच बोट ठेवतो. मग प्रकाश कुठून येतो आणि सगळ्यांत काळी जागा कुठली ते बघा. त्याच्या चित्रात डोळा आधी तिथे जातो, विनोद पुष्कळदा तिच्या शेजारी असतो.

‘घरमालक आणि भाडेकरू’ या मालिकेतलं १८४७ चं एक चित्र घ्या. ओळी झाकलेल्या. एक माणूस पलंगावर आहे आणि त्याच्या हातात उघडलेली छत्री आहे. वरून पाणी गळतंय. एवढंच वहीत लिहा: घरात छत्री, पलंगात माणूस, छत निकामी. राग की हताशा? चेहरा, खांदे, छत्रीची मूठ धरण्याची पद्धत बघून एका वाक्यात लिहा. “बिचारा गरीब माणूस” असं लिहून मोकळं होऊ नका. तो गरीबच आहे हे चित्रात कशावरून दिसतं, तेही लिहा. दिसत नसेल तर शब्द खोडा.

‘न्यायालयातली माणसं’ या मालिकेतल्या चित्रांनाही (१८४५ ते १८४८) हाच नियम. काळे झगे, काखेत कागदांचं बाड, आकाशाकडे उडणारे हात. झग्याचा घोळ किती जागा व्यापतो आणि पक्षकाराला किती उरते, हे बघितल्याशिवाय ओळींकडे जायचं नाही. पोरवयात दोमिए एका बेलिफाच्या कचेरीत पळापळीची कामं करत होता, तेव्हा त्याने ही मंडळी जवळून पाहिलेली होती.

सावध: प्रत्येक जाड्या माणसात फ्रान्सचा तेव्हाचा राजा लुई-फिलिप शोधू नका. नासपतीच्या आकाराचं डोकं म्हणजे राजा, ही खूण १८३० च्या दशकाच्या सुरुवातीच्या चित्रांपुरती ठीक. सप्टेंबर १८३५ च्या कायद्याने चित्र छापण्याआधी सरकारी परवानगी लागू लागली आणि व्यंगचित्रकार राजकारणातून रस्त्यावर, जिन्यावर, आंघोळीच्या घाटावर आणि कचेरीत आले. १८४० च्या दशकातला ढेरपोट्या दुकानदार बहुतेक वेळा ढेरपोट्या दुकानदारच असतो.

## टप्पा ७: आता ओळी

कागद उचला. आधी ओळी हाताने उतरवा, तीन-चार टिंबं जिथे असतील तिथे तेवढीच टिंबं द्या. ती बोलण्यातली थांबण्याची जागा असते आणि टोला तिच्यानंतर येतो. मोबाइलचं भाषांतर ती खाऊन टाकतं.

मग बोलणारा कोण हे ठरवा. दोन माणसांच्या चित्रात हे चुकलं की सगळा अर्थ उलटा होतो. चित्रात तोंड कुणाचं उघडं आहे ते वहीत लिहिलेलं असेलच.

छत्रीवाल्याच्या चित्राखालचं बोलणं साधारण असं: “दरोडेखोर मेला घरमालक... म्हणे दुरुस्ती करायची ती हवा छान झाल्यावरच!” आता वहीतल्या वाक्याकडे परत जा. राग लिहिला होता का हताशा? फरक पडला असेल तर तो खोडू नका, शेजारी लिहा. वकिलांच्या मालिकेतलं एक बोलणंही असंच आहे. खटला हरल्यावर वकील पक्षकाराला म्हणतो, तुम्ही हरलात हे खरं, पण मला युक्तिवाद करताना ऐकून तुम्हाला केवढा आनंद झाला असेल!

लक्षात ठेवायची गोष्ट ही की यातल्या बहुतेक ओळी दोमिएने लिहिलेल्या नाहीत. संपादकीय मंडळी लिहीत. ‘रोबेर माकेर’ या लफंग्या धंदेवाईकाच्या मालिकेच्या ओळी तर प्रकाशक शार्ल फिलिपाँच्या. म्हणून चित्र एक सांगतं आणि ओळी दुसरं, असं झालं तर तुमचं चुकलंय असं लगेच समजू नका. अशा वेळी मी चित्राची बाजू घेतो.

## टप्पा ८: संदर्भ, पण मोजकाच

तीन प्रश्न पुरतात: त्या महिन्यात शहरात काय चाललं होतं, पैसे कोण कुणाला देणं लागतं, आणि चित्र कुणाच्या बाजूने हसतंय.

भाडेकरूंच्या मालिकेपुरतं बघू. १८०१ मध्ये साडेपाच लाखांच्या आसपास असलेली पॅरिसची वस्ती १८४६ पर्यंत दहा लाखांवर गेली होती. घरं त्या वेगाने वाढली नव्हती. भाडं तिमाहीला, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरात द्यायचं. त्या दिवसांत हातगाड्यांवर सामान लादून घर बदलणारे लोक रस्त्यांवर दिसत, आणि घरमालकाला लोक गिधाड म्हणत. एवढं कळलं की गळक्या छताखालची छत्री नुसती गंमत राहत नाही. हा माणूस जाणार कुठे? पागडीची खोली आणि पावसाळ्याआधी घरमालकाच्या नावाने खडे फोडणं ज्यांनी गिरगाव-परळच्या चाळींत पाहिलंय, त्यांना हे जास्त समजावून सांगावं लागत नाही.

तिसरा प्रश्न लोक टाळतात. व्यंगचित्र म्हणजे दुबळ्यांची बाजू, असं गृहीत धरून चालतात. १८४४ च्या ‘निळे मोजे’ मालिकेत दोमिए लिहिणाऱ्या बायकांची यथेच्छ टर उडवतो: आई लिहीत बसलीय आणि पोराकडे लक्ष नाही, या धर्तीवर. रेषा अप्रतिम आहे आणि नजर त्या काळच्या नवऱ्याची आहे. दोन्ही लिहा. त्या चित्रांवरून “त्या काळी बायका अशा होत्या” असं लिहिणं म्हणजे साक्षीदाराऐवजी फिर्यादीचंच बोलणं निकाल म्हणून छापणं.

## टप्पा ९: फ्रेम आणि साठवण

फ्रेमवाल्याला बोलण्यात नाही, कागदावर लिहून द्या: चिकटवायचं नाही, लॅमिनेशन नाही, कापायचं नाही, सेलोटेप नाही. चारही वेळा मान डोलावेल, तरी लिहून द्याच. कडा कापल्या की पत्ता, क्रमांक आणि शिवणीची भोकं गेली, म्हणजे टप्पा १ आणि ४ पाण्यात.

आम्लरहित माउंट मागून-पुढून, चित्र वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्यांनी गव्हाच्या खळीने टांगलेलं, काच आणि कागद यांत माउंटच्या जाडीएवढी फट. काच कागदाला टेकली की दमट हवेत बुरशी तिथूनच सुरू होते. उन्हाची भिंत आणि स्वयंपाकघराला लागून असलेली भिंत दोन्ही नकोत. बाहेरच्या भिंतीलाही पावसाळ्यात ओल येते, तेव्हा आतली भिंत निवडा.

फ्रेम करायची नसेल तर आम्लरहित फोल्डरमध्ये आडवं ठेवा. डांबरगोळ्या कागदाला लागून ठेवू नका. कसर लागली आहे का हे कडांवरच्या खरवडल्यासारख्या पातळ जागांवरून कळतं. तांबूस ठिपके दिसले तर ब्लीच, लिंबू, खोडरबर असले घरगुती उपाय करू नका, कागद-संवर्धकाला दाखवा.

फोल्डरवर (चित्राच्या मागे नव्हे) पेन्सिलीने लिहा: मालिका, क्रमांक, देलतेय क्रमांक, अंकाची तारीख, माप, कुठून आणि कधी घेतलं. मे अखेरीस एकदा आणि गणपती उठल्यावर एकदा फोल्डर उघडून बघा.